कोपीतले मूल

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील धुराडी पेटली की बारामती-इंदापूरकडे ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. कोपीला कडीकुलूप कोठले? म्हणून पहाटे कोयता घेऊन निघणारी आई लेकीलाही फडात नेते, पाचटावर निजविते. आणि आम्ही शहाणे तिला शाळेचे महत्त्व सांगतो!

मुलीवर प्रसंग ओढवला तरी आई गप्प बसते, ती मुकादमाची उचल आणि पोलीस ठाणे यांच्या धाकाने. परंतु २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या राहत्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावयाचा असतो. कोपी ही राहती जागाच. खबर देण्याचे बंधनही एकट्या आईवर नाही. ज्याला ज्याला ठाऊक आहे, त्या प्रत्येकावर आहे. १०९८ या क्रमांकास पैसे पडत नाहीत.