भूपाचा गांधार ६०५१ वर

मिडी फाइलवर क्लिक केलं की गाणं वाजतं, म्हणून तिच्यात संगीत आहे असं वाटतं. प्रत्यक्षात तिच्यात आवाजाचा कणही नसतो. कोणता स्वर, केव्हा, किती जोरात आणि केव्हा सोडायचा, अशा आज्ञाच असतात. आवाज असतो साउंडफाँटमध्ये, म्हणजे वाद्यांच्या सुट्या स्वरांच्या ध्वनिमुद्रित साठ्यात. फ्लुइडसिंथसारखं सॉफ्टवेअर या दोन्हींची गाठ घालतं.

सध्या मी भूप रागातली एक छोटी धून सनईवर बसवतो आहे. १९९१ सालच्या जनरल मिडीच्या १२८ वाद्यांत सनई ११२ वी आहे. तंबोरा आणि तबला त्यात नाहीत. त्यांचे साउंडफाँट वेगळे घ्यावे लागतात.

खरी मेहनत आहे पंचमावरून गांधारावर सलग घसरत येणाऱ्या मींडेची. तिच्यावाचून भूप नुसत्या पाच स्वरांची यादी होतो. मींडेसाठी स्वर वर-खाली सरकवणारा पिच बेंड वापरायचा. त्याचे आकडे ० ते १६३८३, आणि मधला ८१९२ म्हणजे स्वर जागच्या जागी. साधारणपणे त्याची झेप दोन अर्धस्वरांचीच असते, म्हणून फाइलच्या सुरुवातीलाच ती बारा करून घेतो. मग पंचम धरून ६१४४ वर उतरलं की गांधार लागतो, पण तो पेटीचा. तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गांधार त्याहून सुमारे चौदा सेंट, म्हणजे अर्धस्वराच्या चौदा शतांशांइतका, खाली असतो. ६०५१ वर आलो की दोघांमधली कुरकुर थांबते. मला तरी त्याखेरीज भूप ऐकवत नाही. उतरण्याची रेघही सरळ चालत नाही, भोंगा वाजल्यासारखं होतं. सुरुवातीला रेंगाळायचं, मध्ये घसरायचं, शेवटी अलगद टेकायचं; हे कानानेच ठरतं. बेंड अख्ख्या चॅनेलला लागू होतो, तेव्हा तंबोऱ्याचा चॅनेल वेगळा हवा.

मग फाइल. धून वाजवत साउंड कार्डाचा आवाज मुद्रित करता येतो, पण धुनेइतकाच वेळ जातो आणि मध्येच आलेल्या संदेशाची टिंगही त्यात उतरते. मी फ्लुइडसिंथला थेट फाइलमध्येच लिहायला सांगतो. इथे हवा नाही, मायक्रोफोन नाही; दर सेकंदाला डाव्या-उजव्या बाजूला ४४,१०० आकडे मोजून लिहिले जातात. काही मिनिटांची धून काही सेकंदांत तयार होते, आणि सोळा बिटांत मिनिटाला सुमारे दहा एमबी जागा घेते.

आवाजाची पातळी मुद्दाम कमी ठेवतो. समेवर सनई, तबला, तंबोरा एकत्र येतात. बेरीज मर्यादेबाहेर गेली तर लहरींचे शेंडे छाटले जातात आणि फाइल पुन्हा काढावी लागते. म्हणून ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकात आधी सम तपासतो. शेवटच्या स्वरानंतर काही सेकंद रिकामे सोडतो, गुंजन पूर्ण विरायला.

पाठवायला एमपी३ पुरते, पण मूळ वेव्ह फाइलसोबत मिडी आणि साउंडफाँट दोन्ही जपून ठेवतो. साउंडफाँट बदलला की याच आज्ञांतून निराळी सनई निघते, आणि गांधारावर टेकण्याचा वेग पुन्हा नव्याने लावावा लागतो.