बसवनगुडीत राब भाजताना

पहाटे पाच. गांधी बाजारात फुलांच्या पाट्या उतरायच्या आत मी टेबलाशी बसतो. कादंबरी अकोले तालुक्यातल्या, रतनगडाच्या पायथ्याच्या महादेव कोळी पाड्याची आहे. माझी आजी तिथलीच. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांवर, म्हणजे भंडारदऱ्याहूनही उंच, पण माझ्या खिडकीतून एकही कडा दिसत नाही. ते माझ्या पथ्यावरच पडतं. डोंगर समोर असला की हात देखावा लिहू लागतो. मला तिथली कामं लिहायची आहेत.

नऊ वाजता आत्याला फोन. मे महिना, राब भाजायचे दिवस.

"आत्या, राब कुठल्या बाजूनं पेटवायचा?"

"वाऱ्याच्या तोंडाला लावू नको रे. भसकन जळून जातो, माती भाजत नाही."

शेण, त्यावर फांद्या-पाला, गवत, वर बारीक मातीचा थर. आग वाऱ्याच्या उलट हळूहळू सरकली पाहिजे, म्हणजे तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं आणि भाताची रोपं जोमानं येतात. माझ्या प्रकरणातली नवी सून घाटाखालच्या बाजारगावातली आहे. तिच्या हातून आगळीक काय घडावी, हे मी कधीपासून शोधत होतो. आत्यानं एका वाक्यात दिलं. कथानक असं कामाच्या पोटातून आलं की त्याला खोटेपणा चिकटत नाही, असं माझं ठाम मत आहे.

अकरा ते दोन वाचन. १८८४चं अहमदनगर गॅझेटिअर डोंगरातली पिकं आणि सारा नोंदवतं. ते मला हवंच असतं. पण राबामागचा ताण दुसरीकडे सापडतो. राबासाठी फांद्या तोडण्यावर जंगलखात्यानं बंधनं घातली आणि ठाणे-कुलाब्यात एवढ्या तक्रारी उठल्या, की मुंबई सरकारला १८८५मध्ये आयोग नेमावा लागला. घाटावरच्या माझ्या पाड्यातही सासरा फांद्या तोडतो तेव्हा कान रस्त्याकडे ठेवतो. तो का, हे मी कुठेही समजावून सांगणार नाही.

चार वाजता शेजारच्या अज्जी कॉफी घेऊन येतात. त्या तीर्थहळ्ळीच्या. मलनाडात लावणीच्या वेळी बायका पाठीवर गोरबू घेत. आमच्या इरल्यासारखंच, वाकलं तरी पाठ झाकलेली आणि दोन्ही हात मोकळे. अज्जी उभ्या राहून, कमरेत वाकून दाखवतात. त्यांच्याच मुलखातल्या कुवेंपूंनी म्हैसुरात राहून मलनाड लिहिला. 'मलेगळल्ली मदुमगळु' १९६७ची. अज्जींना त्या कादंबरीतला पाऊस आपल्या अंगणातला वाटतो. माझ्या आत्याला माझं पुस्तक वाचून दाखवलं तर तिला तसं वाटावं, एवढीच माझी कसोटी.

संध्याकाळी बाजार, स्वयंपाक.

साडेआठला पुन्हा टेबल. सुनेनं पेटवलेला राब वरवर जळाला. पावसानंतर रोपांत तण माजलं, रोपं पिवळी, आवणीला पुरणार नाहीत. बियाणं घरचं, काळभाताचं, आणि तेही संपलेलं. देशी बियाणं जपण्यासाठी २०२०मध्ये पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या, कोंभाळण्याच्या. पण माझी गोष्ट त्यांच्या बियाणे बँकेच्या फार आधीची आहे. तेव्हा शेजारच्या पाड्यावर रोपं मागायला सासूनं जायचं, की सुनेनंच? अकरापर्यंत दोन्ही लिहून पाहिलं. सुनेला पाठवतो आहे.