डबा गार झाला, पण पिक्चर काही ठरेना!

शुक्रवारची रात्र. उद्या लेक्चर नाही. रूमवर आम्ही चौघीजणी, मेसचा डबा समोर उघडून ठेवलेला आणि टीव्हीवर पोस्टर्सची रांग सरकतेय. "हा नको, रडका आहे." "हा बघितलाय गं मी." "थांब थांब, मागे जा... नाही, जाऊ दे." अर्ध्या तासाने पोळ्या कडक, भाजी गार. आणि शेवटी लागतं काय, तर दहा वेळा बघून पाठ झालेल्या सीरिजचा तोच एपिसोड! ओळखीचं वाटतंय ना?

मला वाटायचं, आपणच कन्फ्यूज्ड. आजीच्या भाषेत 'धरसोड वृत्ती'. पण मास कॉमच्या प्रोजेक्टसाठी या ओटीटीच्या मेनूंच्या मागे लागले आणि लक्षात आलं, की गडबड एकट्या आपल्या डोक्यात नाही.

असं बघा. तुम्ही हॉटेलात जाता तेव्हा शेजारच्या टेबलावर जे मेनूकार्ड असतं, तेच तुमच्याही हातात येतं. इथे मात्र प्रत्येक टेबलाला वेगळं कार्ड मिळतं. मागच्या वेळी तुम्ही मिसळ खाल्ली, म्हणून आज पहिल्या पानावर मिसळ, मिसळीसारखं काहीतरी आणि 'मिसळ आवडणाऱ्यांना आवडलेलं' अजून काहीतरी. थालीपीठ मिळतं, पण ते शेवटच्या पानावर. तिथपर्यंत जातं कोण?

कोणीच जात नाही, हे कंपन्यांना पक्कं माहीत आहे. नेटफ्लिक्सच्या कार्लोस गोमेझ-उरिबे आणि नील हंट यांनी २०१५मध्ये एक शोधनिबंध लिहिला होता. त्यात ते सरळ सांगतात, की साधारण ६० ते ९० सेकंदांत बघणाऱ्याचा इंटरेस्ट संपतो. तेवढ्या वेळात तो १०-२० नावांवरून नजर फिरवतो, त्यातली तीनेक नीट बघतो. मग एक तर काहीतरी लावतो, नाही तर निघून जातो. म्हणून होम स्क्रीनची सगळी धडपड त्या दीड मिनिटासाठी. त्यांच्याच म्हणण्यानुसार एका होम पेजवर साधारण ४० आडव्या ओळी असायच्या आणि एका ओळीत जास्तीत जास्त ७५ व्हिडिओ. कुठली ओळ वर, कुठली खाली आणि ओळीत डावीकडे पहिलं कोण, हे माणसागणिक बदलतं. लोक जेवढे तास बघतात, त्यातले सुमारे ८० टक्के अशा शिफारशींमधून येतात. सर्च करून, म्हणजे नाव मनात ठरवून बघणारे उरलेल्या २० टक्क्यांत. आता स्वतःला विचारा, तुम्ही कुठल्या टक्क्यांत? मी तर लाजलेच.

खरी गंमत पोस्टर्सची आहे. तुम्हाला आणि तुमच्या मैत्रिणीला एकाच पिक्चरचं पोस्टर वेगळं दिसू शकतं! नेटफ्लिक्सच्या टेक टीमने २०१७मध्ये हे स्वतःच उदाहरणासकट सांगितलं होतं. 'गुड विल हंटिंग' घ्या. तुम्ही रोमँटिक पिक्चर जास्त बघत असाल, तर पोस्टरवर मॅट डेमन आणि मिनी ड्रायव्हर. कॉमेडी बघत असाल, तर रॉबिन विल्यम्स. पिक्चर तोच, फक्त दारात उभं कोणाला करायचं ते तुमच्याकडे बघून ठरतं. हुशारी आहेच, पण पुढच्याच वर्षी ती अंगाशी आली. अमेरिकेतल्या काही कृष्णवर्णीय प्रेक्षकांच्या लक्षात आलं, की आपल्याला पोस्टरवर जे कृष्णवर्णीय कलाकार दिसतायत, ते पिक्चरमध्ये जेमतेम दोन-चार मिनिटंच आहेत. 'लाइक फादर' हा त्यातलाच एक. बराच गदारोळ झाला. आम्ही कोणाला वंश विचारत नाही, पोस्टर फक्त बघण्याच्या हिस्ट्रीवरून ठरतं, असं कंपनीने स्पष्टीकरण दिलं. ते खरंच असेल. पण नुसत्या हिस्ट्रीवरून मशीन कुठवर पोहोचतं, हे त्यातूनच कळतं की!

आणि हे सगळं आपल्या पिढीचं वाटत असेल, तर तसंही नाही. १९९४च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे आपल्या जन्माच्याही आधी, टाइम वॉर्नर कंपनीने अमेरिकेतल्या ऑरलँडोमध्ये 'फुल सर्व्हिस नेटवर्क' सुरू केलं होतं. रिमोटने स्क्रीनवरचं चक्र फिरवायचं, पिक्चर निवडायचा, हवा तेव्हा थांबवायचा, मागे न्यायचा. चार हजार घरांसाठीचा प्रयोग. घरात बसवायचा डबाच इतका महाग, की १९९७मध्ये गाशा गुंडाळावा लागला. तेव्हाची चिंता एवढीच, की पिक्चर घरात पोहोचवायचा कसा.

आता घरची गोष्ट. गावी आमच्याकडे एका अॅपवर सगळ्यांत मिळून एकच प्रोफाइल, दादाचं. त्यामुळे आजीने दुपारी टीव्ही लावला, की होम स्क्रीनवर झोम्बी. त्याखाली अजून झोम्बी. मग तलवारी घेतलेली जपानी कार्टून्स. दिवाळीत गेले तेव्हा तिने विचारलं, "अगं, ह्याच्यात मराठी काही नसतंच का?" मी सर्च करून बघितलं. ढीगभर होतं. जुने कृष्णधवल सिनेमे होते, नाटकांची रेकॉर्डिंग्ज होती. फक्त पाच-सहा स्क्रीन खाली. आणि शोधायचं तर रिमोटच्या बाणांनी एक-एक इंग्रजी अक्षर जोडत बसायचं. सहा महिने आजी असंच समजत होती, की आपल्या भाषेतलं इथे काही नाहीच. रागावली वगैरे नव्हती हं. तिने ते मान्य करून टाकलं होतं, आणि मला तेच जास्त लागलं. "कॅसेटच्या दुकानातला पोरगा बरा होता," म्हणाली, "काय हवंय म्हणून विचारायचा तरी."

तुमच्याही घरी अशी आजी असेल, तर पाच मिनिटं काढा. तिचं वेगळं प्रोफाइल करा. चार-पाच मराठी सिनेमे शोधून लावा आणि अर्ध्यात सोडू नका, आवडले की अंगठा द्या. नेटफ्लिक्सवर असाल, तर आपोआप सुरू होणारे ट्रेलर्स प्रोफाइलच्या सेटिंगमधून बंद करता येतात. ही सोय लोकांच्या कटकटीनंतर २०२०मध्ये आली. चुकून बघितलेलं काही हिस्ट्रीतून काढूनही टाकता येतं (एक्ससोबत बघितलेल्या रोमँटिक पिक्चर्ससाठी भलतंच उपयोगी!). आणि रूमवर चौघीजणी असाल, तर डबा उघडायच्या आधी नाव ठरवा आणि थेट सर्च करा. आम्ही चिठ्ठ्या टाकतो. भांडणं होतात, पण गरम पोळ्यांवर होतात.

आजीच्या प्रोफाइलचं म्हणाल, तर आठवड्याभरात होम स्क्रीन पार बदलली. वरच्या तीन ओळी मराठी. मी खूश. परवा फोन केला, तर आजी म्हणते, "छान आहे गं, पण आता नुसत्या रडणाऱ्या बायकाच दाखवतंय. रोज काय तेच?" मग आवाज जरा खाली आणून, "तो दादाचा मढ्यांचा कार्यक्रम होता ना, तो कुठे गेला? त्यातली ती पोरगी गच्चीवर अडकली होती. सुटली का?"