आकाशातील वाटा आणि दोन मैलांचे अंतर

अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावरून पाहिले असता आकाश मोकळे भासते. परंतु विमाने तेथे मन मानेल तशी उडत नाहीत. त्यांच्या वाटा नकाशावर आखलेल्या असतात. डिसेंबर २०२५ मध्ये रायगड जिल्ह्यातील नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी सेवा सुरू झाली आणि मुंबईच्या आकाशावर दोन विमानतळांचा भार आला. व्यापारानिमित्त दुबई-मस्कतला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी या वाटांची शिस्त जाणून घेणे अगत्याचे आहे.

एकाच वाटेवरील विमानांना निरनिराळी उंची दिली जाते. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात पूर्वी दोन विमानांमध्ये २,००० फुटांचे अंतर असे. भारतात २००३ पासून ते १,००० फूट झाले. हे अंतर मोडले तर काय होते, हे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे दिसले. १५,००० फुटांवर राहण्याची सूचना असलेले कझाक विमान खाली उतरले आणि समोरून १४,००० फुटांवर येणाऱ्या सौदी विमानावर आदळले. ३४९ जीव गेले. त्यानंतर टक्कर टाळण्याचा इशारा देणारी यंत्रणा भारतात सक्तीची झाली.

पुढे उपग्रहांमुळे मार्गदर्शन अत्यंत अचूक झाले, आणि त्यातूनच एक नवा धोका उद्भवला. पूर्वी विमाने आखलेल्या रेषेपासून थोडी इकडेतिकडे सरकत. त्यामुळे उंचीत चूक झाली तरी ती बहुधा एकमेकांच्या बाजूने निघून जात. आता दोन्ही विमाने नेमक्या त्याच रेषेवर असतात. सप्टेंबर २००६ मध्ये ब्राझीलवर ३७,००० फुटांवर अशीच समोरासमोर टक्कर होऊन १५४ जण मृत्युमुखी पडले.

यावर शोधलेला उपाय साधा आहे. समुद्रावरील दूरच्या मार्गांवर वैमानिकाला रेषेच्या उजवीकडे दोन सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे पावणेचार किलोमीटर, सरकून उडण्याची मुभा असते. समोरून येणाराही आपल्या उजवीकडे सरकला, तर दोघांमध्ये आपोआप अंतर पडते. त्यासाठी इंधनाचा खर्च जवळजवळ नाहीच.

हिशेबात अचूकता हवीच. परंतु चूक होणारच नाही असे गृहीत धरणारा हिशेब धोक्याचा असतो. चुकीलाही वाव ठेवणारे हे थोडेसे अंतर प्रवाशाला कधी दिसत नाही, तरी त्याला सुखरूप घरी पोहोचवण्यात त्याचा मोठा वाटा असतो.