फेब्रुवारीनंतर येणारा अर्थसंकल्प

1 फेब्रुवारी 2025 ला निर्मला सीतारामन यांनी नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर नाही, असे जाहीर केले. बुलढाणा, खामगाव, चिखलीतले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, सरकारी नोकरदार खूश झाले आणि त्यांचा आनंद रास्तच होता. प्रमाणित वजावट धरून पगारदाराची मर्यादा 12 लाख 75 हजारांवर जाते. दर महिन्याची कपात थांबली की घरखर्चाला हात मोकळा होतो.

पण बुलढाणा जिल्हा कापूस आणि सोयाबीनवर जगतो. शेतीचे उत्पन्न आयकरातून आधीपासूनच वगळलेले आहे, त्यामुळे मोताळा किंवा मेहकर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या पदरात त्या घोषणेने काहीच पडले नाही. त्याचा संबंध येतो तो सीमा शुल्काशी. बाहेरून येणाऱ्या कापसावर आणि खाद्यतेलावर सरकार किती कर लावते, यावर त्याच्या मालाचा भाव हलतो. हा कर बदलायला अर्थसंकल्पाची वाट पाहावी लागत नाही. अर्थ मंत्रालयाची एक अधिसूचना निघते, कधी सुट्टीच्या आदल्या दिवशी, कधी ऐन हंगामात, आणि दुसऱ्या दिवसापासून ती लागू होते.

कापसाचेच पाहा. 2021 च्या अर्थसंकल्पात कापसाच्या आयातीवर शुल्क बसले, सगळे मिळून 11 टक्के. ते संसदेत मांडले गेले, त्यावर बोलता आले. ऑगस्ट 2025 मध्ये मात्र अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के कर लावण्याचे ठरवले, कापड गिरण्या अडचणीत आल्या आणि 19 ऑगस्टपासून हे शुल्क अधिसूचनेने शून्यावर आले. आधी 30 सप्टेंबरपर्यंत म्हटले होते, ती मुदत लगेच 31 डिसेंबरपर्यंत वाढली. त्या वेळी आपल्याकडची पऱ्हाटी पात्या-फुलांवर, बोंडांवर होती. बियाणे, खत, फवारणी, निंदणाची मजुरी असा सगळा खर्च होऊन गेलेला. पीक बदलायची सोय उरली नव्हती.

11 टक्के म्हणजे नेमके किती? हिशेबापुरता रुईच्या खंडीचा भाव 55 हजार धरू. त्यावर 11 टक्के म्हणजे 6,050 रुपये. 356 किलोची एक खंडी रुई निघायला साधारण साडेदहा क्विंटल कापूस लागतो. म्हणजे क्विंटलमागे पावणेसहाशे रुपयांचे संरक्षण त्या एका कागदाने गेले. बाजारात भाव तेवढाच्या तेवढा पडतो असे नाही. सरकी आणि जागतिक बाजार यांचाही हात असतो. पण गिरणीला बाहेरची गाठ स्वस्त मिळाली, तर जिनिंगवाला नांदुऱ्यात किंवा मलकापुरात चढा भाव का देईल? मग 2025-26 च्या हंगामात मध्यम धाग्याला 7,710 रुपये हमीभाव देणाऱ्या सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर रांग लागते, तिथे ओलावा तपासला जातो आणि ज्याला पैशाची निकड आहे तो खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर माल घालून मोकळा होतो.

गिरण्यांची अडचण खोटी नव्हती. तिथेही लाखो हातांचा रोजगार आहे. मात्र ती निस्तरण्याचा भार कोरडवाहू शेतकऱ्यावर का टाकला, याचे उत्तर कुणी दिले नाही. गिरण्यांना थेट मदत देता आली असती.

सोयाबीनची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे प्रभावी शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेले. तरी त्या हंगामात 4,892 रुपयांचा हमीभाव बाजारात मिळाला नाही. बहुतेक ठिकाणी लिलाव चार-सव्वाचार हजारांच्या आसपास होत राहिले. कारण सोयाबीनमध्ये तेल जेमतेम 18 टक्के असते, उरते ती पेंड. इथेनॉल कारखान्यांतून निघणारे स्वस्त पशुखाद्य बाजारात आले आणि पेंडीचा उठाव कमी झाला. मग 30 मे 2025 ला, पेरणीच्या तोंडावर, तेच शुल्क साडेसोळा टक्क्यांवर आणले गेले.

म्हणून इथली खरी प्रतिक्रिया फेब्रुवारीत उमटत नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये शेतकरी नेते रविकांत तुपकर यांच्या नेतृत्वाखाली सोयाबीन-कापूस उत्पादकांचा मोर्चा बुलढाण्यात निघाला, त्यात भावाइतकाच आयात-निर्यात धोरणाचा मुद्दा होता. आदल्या वर्षी 12 लाख टन सोयापेंड आयातीला दिलेली परवानगी लोक विसरले नव्हते.

राज्याच्या 10 मार्च 2025 च्या अर्थसंकल्पाने इथे वेगळी निराशा केली. कर्जमाफीचा उल्लेख नव्हता, लाडकी बहीण योजनेतल्या महिन्याच्या 1,500 रुपयांचे कबूल केलेले 2,100 झाले नाहीत, उलट योजनेची तरतूद 46 हजार कोटींवरून 36 हजार कोटींवर आली. हलक्या मालवाहू गाड्यांवर 7 टक्के एकरकमी कर आला. कर्ज काढून पिकअप घेणाऱ्या आणि भाजीपाला वाहणाऱ्या तरुणाला तो पहिल्याच दिवशी भरायचा. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाचा उल्लेख झाला. नळगंगा धरण मोताळ्यात आहे, त्यामुळे आशा वाटणे साहजिक आहे. पण ज्या खामगावला 1870 मध्ये कापसासाठी जलंबहून रेल्वेचा फाटा आला, तिथून पुढे जालन्यापर्यंतच्या लोहमार्गाची मागणी शतक उलटले तरी मागणीच आहे. प्रत्यक्ष किती कोटी वर्ग झाले, हे पाहिल्याशिवाय इथला माणूस आता टाळी वाजवत नाही, आणि ते बरोबर आहे.

कापूस आणि खाद्यतेलाचे आयात शुल्क पेरणीपूर्वी, मे महिन्यात जाहीर करावे आणि माल बाजारात येऊन विकला जाईपर्यंत त्याला हात लावू नये. बदलणे अटळच असेल, तर हमीभाव आणि बाजारभावातला फरक शेतकऱ्याच्या खात्यावर जमा करावा. आपल्या खासदारांना यंदा भेटाल तेव्हा आयकराच्या टप्प्यांआधी हे विचारा, आणि लेखी उत्तर मागा.