आई-वडिलांना मनोरुग्णालयात दाखल करायची वेळ आली तर? कोर्टाची ऑर्डर लागत नाही, पण मुलांचं काम गेटवर संपतही नाही

शिरूर/दौंड : 'ह्याला येरवड्याला न्या' हे वाक्य शिरूर आणि दौंड तालुक्यात पारावर, एसटीत, लग्नाच्या मांडवात थट्टेनं सर्रास बोललं जातं. पण घरातली आई चार-चार रात्री झोपत नाही, जेवणात कुणीतरी काही कालवलंय म्हणून ताट ढकलून देते, किंवा वडील बोलायचेच बंद होतात, तेव्हा ही थट्टा त्या घरातल्या पोरांच्या अंगावर येते. पहिले पंधरा दिवस लपवण्यात जातात. मग देवऋषी होतो. शेवटी एखाद्या रात्री चारजण धरून गाडीत बसवतात. तोवर आजार वाढलेला असतो आणि आई-वडिलांचा पोरांवरचा विश्वासही उडालेला असतो.

आधी एक गोष्ट तपासा. साठी ओलांडलेला माणूस एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलायला लागला, घरच्यांना ओळखेना, तर तो दरवेळी मानसिक आजार नसतो. लघवीचा संसर्ग, साखर कमी-जास्त होणं, रक्तातलं सोडियम घटणं यानेही असंच होतं. दारूचंही तेच. रोज पिणाऱ्या वडिलांनी माळ घातली किंवा शपथ घेतली आणि दारू एकदम तोडली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरतात, नसलेली माणसं-किडे दिसतात, फिट येऊ शकते. लोक म्हणतात, बाहेरची बाधा झाली. हा जिवावरचा प्रसंग आहे. अशा वेळी १०८ ला फोन करून आधी जवळचं सरकारी रुग्णालय गाठावं.

पुणे जिल्ह्यात दाखल करून घेण्याची मोठी सरकारी सोय म्हणजे येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय. ससून रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. दौंडकरांना रेल्वेने पुणे स्टेशनला उतरलं की ससून चालत जाण्याच्या अंतरावर. शिरूरकरांना रांजणगाव, शिक्रापूर, वाघोली करत नगर रस्त्याने थेट येरवडा. जाताना आधारकार्ड, रेशनकार्ड, जुन्या चिठ्ठ्या आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घ्यावीत, बीपी-शुगरचीसुद्धा.

आता कायद्याचं. गावात अजून समजूत आहे की कोर्टाची ऑर्डर आणल्याशिवाय मनोरुग्णालय घेत नाही. ही समजूत १९८७ च्या जुन्या कायद्याच्या काळातली. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला, २०१८ पासून लागू आहे, आणि त्याने बरंच बदललं. पेशंटला स्वतःला उपचार हवे असतील तर तो आपल्या सहीने दाखल होतो. घरी जायचं म्हणाला तर सोडावं लागतं. डॉक्टरांना काळजी वाटली तर तपासणीसाठी २४ तास थांबवता येतं.

पेशंट तयारच नसेल तर दुसरा मार्ग आहे. त्यात 'नामनिर्देशित प्रतिनिधी' अर्ज करतो. हा प्रतिनिधी पेशंट स्वतः निवडू शकतो, साध्या कागदावर सही किंवा अंगठा पुरतो. कुणाला नेमलेलं नसेल तर मुलगा, मुलगी, पती-पत्नी असा नातेवाईक ते काम करू शकतो. मात्र 'घरात त्रास देतो' एवढ्यावर दाखल करता येत नाही. स्वतःच्या जिवाला धोका, दुसऱ्यावर हात उचलणं, किंवा खाणं-पिणंही सुटून जीव धोक्यात येणं, यातलं काहीतरी हवं. शिवाय एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य क्षेत्रातला तज्ज्ञ किंवा डॉक्टर, अशा दोघांनी स्वतंत्र तपासून तसं म्हणायला हवं. या मार्गाने एका वेळी ३० दिवसांपर्यंत ठेवता येतं. पुढे ठेवायचं तर पुन्हा तपासणी आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची परवानगी लागते. दाखल केल्याची खबरही मंडळाला द्यावी लागते, पेशंट पुरुष असेल तर ७ दिवसांत, महिला असेल तर ३ दिवसांत.

रात्री-अपरात्री प्रसंग ओढवला आणि येरवडा ७० किलोमीटर लांब असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंतचा तातडीचा उपचार देऊ शकतो. तालुक्याच्या दवाखान्यात 'मेंटल केस आहे, पुण्याला न्या' असं ऐकवलं गेलं तर ही तरतूद सांगावी.

नेताना खोटं बोलू नये. 'पाहुण्यांकडे लग्नाला जायचंय' म्हणून गाडीत बसवलं की काम भागतं खरं, पण पुढे तोच माणूस मुलाच्या हातची गोळी घेत नाही. 'आबा, तुम्ही चार रात्री झोपला नाहीत, मला भ्या वाटतंय, डॉक्टरांना दाखवू' असं बोलून पाहावं. वेड हा शब्द काढायची गरज नाही. झोप, भूक, डोक्याचा ताप यावर बरेच जण तयार होतात. संशय खोटा आहे हे पटवत बसू नये, आणि 'हो हो, शेजारीच करतात' असं म्हणूही नये.

दोराने बांधणं, साखळी लावणं हा उपचार नाही. तमिळनाडूतल्या एरवाडीला ऑगस्ट २००१ मध्ये आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आलं नाही आणि २५ हून अधिक जण जळून मेले. आजच्या कायद्याने साखळीला बंदी आहे. भूत उतरवायच्या नावाखाली बांधून मारहाण करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही गुन्हा आहे.

वॉर्डात गेल्यावर सगळ्यांना शॉकची भीती वाटते. बेशुद्धीचं इंजेक्शन आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देणं कायद्याने बंद आहे. नीट दिला तर फार खोल नैराश्यात, खाणं-पिणं सुटलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्याने जीवदान मिळतं. सक्तीने डोकं भादरता येत नाही, स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे, फोनवर बोलायचा आणि भेटीचाही आहे. कोणता आजार, कोणतं औषध, त्याचे दुष्परिणाम काय, हे समजेल अशा भाषेत, म्हणजे मराठीत, विचारायचा हक्क पेशंटला आणि प्रतिनिधीलाही आहे. वहीत लिहून न्या आणि विचारा. पहिल्या भेटीत आई सुस्त, तोंड कोरडं पडलेली, हात कापणारी दिसली तर पोरं घाबरून घरी आणायला निघतात. तसं करू नका, डॉक्टरांना सांगा. डोस किंवा गोळी बदलता येते. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात.

एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. या दिवसांत सातबारा, वाटणीपत्र, बँकेचे कागद घेऊन कुणी वॉर्डात जाऊ नये. अशी सही पुढे कोर्टात टिकणं अवघड, आणि दाखल केलं ते जमिनीसाठीच, हा पेशंटचा संशय खरा ठरतो.

सगळ्यात मोठी चूक होते ती डिस्चार्जला. महाराष्ट्राच्या मनोरुग्णालयांत बरे होऊनही वर्षानुवर्षे पडून राहिलेली माणसं आहेत. घरच्यांनी पत्ता चुकीचा दिला, फोन बदलला, न्यायला कुणी आलंच नाही. मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या याचिकेवरून हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणून दाखल करतानाच दोन चालू मोबाईल नंबर द्यावेत आणि डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांशी बसून पुढचं ठरवावं: गोळ्या कोण देणार, फेरतपासणी कधी, बिघडतंय हे कशावरून ओळखायचं.

घरी आल्यावर पहिले काही आठवडे जपायचे असतात. फवारणीची औषधं घरातून काढून कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद करू नका, आजार उलटण्याचं ते नेहमीचं कारण आहे. लिथियम चालू असेल तर रक्ताची तपासणी ठरल्या वेळी करावीच लागते. उन्हात राबून घाम गेला, पाणी कमी पडलं किंवा जुलाब झाले तर रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. अशा पेशंटला अंगदुखीची गोळीही मेडिकलमधून परस्पर देऊ नये. गावात कुणी विचारलं तर 'आजारी होते, दवाखान्यात होते' एवढं पुरे.

एकाच मुलावर किंवा सुनेवर सगळा भार पडतो, बाकीची भावंडं फोनवरून सल्ले देतात, हेही घरोघर दिसतं. वाऱ्या वाटून घ्याव्यात. २०२२ मध्ये सुरू झालेली सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. पेशंटसाठीच नव्हे, आठ रात्री जागलेल्या मुलाने स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.