सत्तेच्या मर्जीतली सवलत

ऑक्टोबर २०२५ मध्ये लखनौ महानगरपालिकेने गोमतीनगरातील ‘सहारा शहर’च्या प्रवेशद्वारांना टाळे ठोकले. ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याची मुदत संपली आणि अटींचा भंग झाला, ही त्यामागची पालिकेची कारणे. सहारा समूहाने त्याविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली. मुदत संपल्याचे कळायला दिनदर्शिका पुरेशी आहे. अटीभंगाचे तसे नाही. त्याची नोटीस याच पालिकेने १९९७ मध्येच बजावली होती. मग मधली २८ वर्षे गेली कुठे?

करार १९९४ चा. मुलायमसिंह यादव तेव्हा मुख्यमंत्री होते. पालिकेने १७० एकर जमीन दिली ती १३० एकरांवर निवासी वसाहत आणि ४० एकरांवर हरितपट्टा व्हावा म्हणून. उभी राहिली ती सुब्रत रॉय यांचे निवासस्थान, सभागृह, क्रिकेटचे मैदान आणि तलाव असलेली एक खासगी नगरी. फेब्रुवारी २००४ मध्ये रॉय यांच्या दोन्ही पुत्रांच्या विवाहासाठी राजकारण, चित्रपट आणि क्रिकेट ही तिन्ही क्षेत्रे लखनौत लोटली. मुलायमसिंह तेव्हा पुन्हा मुख्यमंत्री झालेले होते. अशा यजमानाच्या दारावर नोटीस घेऊन जाणारा पालिका अधिकारी कल्पनेतच शोभावा.

त्या कारकिर्दीत या घसटीला संस्थेचे रूपही मिळाले. २००३ मध्ये स्थापन झालेल्या उत्तर प्रदेश विकास परिषदेचे अध्यक्ष होते समाजवादी पक्षाचे अमरसिंह आणि सदस्यांत अनिल अंबानी, आदि गोदरेज, कुमारमंगलम बिर्ला आणि स्वतः सुब्रत रॉय. मागास राज्याने उद्योगपतींचा सल्ला घ्यावा यात गैर काहीच नाही. अडचण अशी, की सल्लागार आणि लाभार्थी यांच्यातील भिंतच नाहीशी झाली. अंबानी २००४ मध्ये समाजवादी पक्षाच्या पाठबळावर राज्यसभेत गेले. त्याच वर्षी रिलायन्सच्या दादरी वीजप्रकल्पासाठी सुमारे अडीच हजार एकरांचे संपादन सुरू झाले आणि ‘तातडी’च्या कलमाखाली शेतकऱ्यांचा हरकतीचा हक्कच बाजूला सारला गेला. विश्वनाथ प्रताप सिंह आणि राज बब्बर यांनी २००६ मध्ये त्याविरुद्ध रान उठवले. डिसेंबर २००९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तातडीचा हा आधार अमान्य केला. प्रकल्प तेथे झालाच नाही.

याच काळातील साखर उद्योग प्रोत्साहन धोरणाची जात मात्र वेगळी होती. २००४ च्या त्या धोरणाने ३५० कोटी रुपये वा अधिक गुंतवणाऱ्या कारखान्यांना भांडवली अनुदान, प्रवेशकर व मुद्रांक शुल्कात माफी देऊ केली. मर्यादा उंच होती, लहान कारखानदाराला ती परवडणारी नव्हती. पण निदान ती कागदावर होती आणि कोणीही वाचू शकत होता. २००७ मध्ये मायावती सत्तेवर आल्या आणि जूनमध्ये हे धोरणही रद्द झाले. गुंतवणूक करून बसलेले कारखाने न्यायालयाची पायरी चढले. व्यक्तिगत मर्जी आणि लेखी नियम यांत भेद करण्याची गरज नव्या सरकारला वाटली नाही. मागच्यांचे तेवढे सारे त्याज्य! पुढे २०१०-११ मध्ये मायावतींच्याच सरकारने २१ सरकारी साखर कारखाने विकले, तेव्हा मालमत्तेचे मूल्य कमी धरल्याचा आणि स्पर्धा नाममात्र राहिल्याचा ठपका महालेखापरीक्षकांनी ठेवला. माणसे बदलली होती, रीत तीच होती.

या साऱ्यात शहराच्या तिजोरीचे काय होते, हा भाग सहसा चर्चेत येत नाही. खर्च अर्थसंकल्पात दिसतो, त्यावर सभागृहात भांडता येते. न घेतलेला कर आणि न वसूल केलेले भाडे यांना असे शीर्षक नसते. केंद्राने २००६ पासून सोडून दिलेल्या महसुलाचे विवरण अर्थसंकल्पाला जोडायला सुरुवात केली. पालिकांच्या पातळीवर तशी शिस्त रुजलेली नाही. नगरसेवकाला आपल्या प्रभागातील गटाराचा खर्च पैपैने ठाऊक असतो. पालिकेच्या मालकीच्या जमिनीचे बाजारभावाने किती भाडे यायला हवे होते, हे त्याला कोणी सांगत नाही.

लखनौच्या बाबतीत हा विरोधाभास फारच बोचरा आहे. डिसेंबर २०२० मध्ये याच महानगरपालिकेचे २०० कोटींचे रोखे मुंबई शेअर बाजारात नोंदले गेले. मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांनी स्वतः येऊन घंटा वाजवली. व्याज साडेआठ टक्के, मुदत दहा वर्षे. म्हणजे वर्षाला १७ कोटी रुपये व्याज मान्य करून पालिका बाजारात उभी होती, आणि तिच्याच मालकीची १७० एकर जमीन शहरातील महागड्या वस्तीत, स्वतःच आक्षेप घेतलेल्या वापराखाली अडकून पडली होती.

मुंबईकराने यावर हसू नये. महालक्ष्मी रेसकोर्सचा पट्टा २०१३ मध्ये संपला आणि निर्णयाला २०२४ उजाडले. १२० एकर पालिकेकडे आली, ९१ एकरांचा पट्टा पुन्हा वाढवून मिळाला.

लखनौच्या कारवाईची वेळही नजरेआड करता येत नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाराच्या दोन कंपन्यांना गुंतवणूकदारांचे सुमारे २४ हजार कोटी परत करण्याचा आदेश दिला. मार्च २०१४ मध्ये रॉय तिहारमध्ये गेले. अमरसिंह २०२० मध्ये, मुलायमसिंह २०२२ मध्ये आणि रॉय नोव्हेंबर २०२३ मध्ये निवर्तले. पालिकेचे कुलूप त्यानंतर आले. आता ही जमीन लखनौला परत मिळाली, तर ती पुन्हा कोणाला, किती वर्षांसाठी आणि जाहीर बोलीने की मंत्रालयातील एका चिठ्ठीने दिली जाणार, हे ठरायचे आहे. आणि १९९७ च्या नोटिशीनंतर ती फाइल कोणाकोणाच्या टेबलावर थांबली, याची चौकशी त्याआधीच सुरू व्हायला हवी.